मंदाच्या लेकराचं टोपडं

मागच्या हिवाळ्यात आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं घरपोच मागवलेलं पुडकं जेवणाच्या सुट्टीत टेबलावर उघडलं. आत प्लॅस्टिकच्या गोल रिंगा होत्या, लहानमोठ्या, प्रत्येकीच्या काठावर ओळीनं खुंट्या. सोबत वाकड्या तोंडाचा एक आकडा आणि बोथट जाड सुई. खोक्यावर छापलं होतं, 'नवशिक्यांसाठी सोपं विणकाम'. तिनं मोबाईलवर पाहून पाहून खुंट्यांना लोकर गुंडाळली, पण इतकी घट्ट, की आकडा खाली शिरेना. वैतागून तिनं रिंग माझ्याकडे सरकवली. मी सगळी लोकर सोडवली, पहिली गाठ बांधली आणि माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं, "ओढू नोको. लोकरीले बी बसाले जागा पाह्यजे."

मी ऑफिसात वऱ्हाडी बोलत नाही. शिकायला बाहेर पडले तेव्हा लोक हसायचे, तेव्हापासूनची ती सवय. त्यामुळे आजूबाजूच्या दोघीतिघींनी मान वर करून पाहिलं. मैत्रीण म्हणाली, "अगं, तुला तर येतं! कुठं शिकलीस?"

"गावाकडं," मी म्हणाले, आणि डबा धुवायला उठले. त्याहून जास्त काही बोलले असते तर तिथंच रडले असते.

धामणगाव बढ्यात आमच्या गल्लीत आमच्यापासून तिसरं घर वच्छलामावशीचं. नात्यानं ती आमची कोणी नव्हती, पण सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. उंच, काटक बाई. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, मंदा, लोणारला दिलेली. मावशी हिवाळ्यात लोकांचे स्वेटर विणायची. आमच्या शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेत उभं राहिलं की अर्धी रांग तिच्या हातची असायची. बोलता बोलता, भांडता भांडता, अगदी चुलीवरचं दूध पाहता पाहता तिच्या सुया चालायच्या. नजर तिकडे नसायचीच.

मग एका सकाळी अंगणात झाडता झाडता ती खाली बसली ती उठेचना. लकवा. दवाखान्यातून परत आली तेव्हा पाय बराच सावरला होता, डावा हात मात्र मेला होता. कोपरापासून खाली तो नुसता तिच्या सोबत असायचा, पाहुण्यासारखा. आल्या आल्या तिनं सुया मागवल्या. उजव्या हातात एक धरली, डाव्याची बोटं दुसरीभोवती वळवून पाहिली. सुई घरंगळून पडली. पुन्हा वळवली, पुन्हा पडली. माझी आई तिथंच होती. मावशीनं दोन्ही सुया तिच्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ने वो माय. वांगे भाजाले कामी येतीन."

आमच्या घरी त्या सुयांवर खरंच वांगी भाजली गेली. भरताचा पहिला घास घेताना आईच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती धुरामुळं आलंय असं म्हणत होती.

रिंग गावात आली ती बचत गटाच्या बायकांसाठी. बाहेरून एक मॅडम आल्या, समाजमंदिरात सतरंजी अंथरली, प्रत्येकीला एकेक रिंग नि आकडा दिला. मावशी गटात नव्हती, पण ती मागं भिंतीला टेकून बसली. वाटप करत मॅडम तिच्यापर्यंत आल्या, तिचा हात पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, याला दोन हात लागतात हो."

"मॅडम, दोन हात तं भाकर थापाले बी लागते," मावशी म्हणाली. "म्हनून मी काय उपाशी हाव?"

सगळ्या बाया हसल्या. मॅडमही हसल्या आणि उरलेली एक रिंग, संचातली सगळ्यात लहान, कोणालाच नको असलेली, तिच्या मांडीवर ठेवून गेल्या.

त्या प्रशिक्षणाचं पुढं काय झालं ते सांगायला नको. महिन्याभरात गल्लीतल्या रिंगांवर गरम पातेली बसायला लागली. एकीच्या पोरानं ती काठीनं गल्लीभर पळवली, खुंट्या वाटेत गळत गेल्या. एकीनं दारावर अडकवली, वर लिंबू-मिरची बांधली. मावशीची रिंग तेवढी विणत राहिली.

कशी, ते पाहायला बाया यायच्या. रिंग एका हातानं धरताही येते, नाहीतर विणताही येतं, दोन्ही एकदम नाही. मावशीनं पितळेची लहान घागर घेतली, ती लवंडू नये म्हणून तळाला ज्वारी भरली, आणि तिच्या तोंडावर रिंग बसवून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्याशी आवळली. घागर दोन गुडघ्यांत धरायची. मग उजवा हात मोकळा. विणलेलं खाली खाली घागरीत उतरत जायचं. वरून दिसायची फक्त खुंट्यांवरची शेवटची ओळ. आत काय वाढतंय ते ती उचलून दाखवेपर्यंत कुणाला कळत नसे.

त्या लहान रिंगवर एकच गोष्ट होण्यासारखी होती, तान्ह्या बाळाचं टोपडं. तेव्हापासून मावशी टोपडीच करायची. गल्लीत, मग गावात, मग मोताळ्यापर्यंत कुणाच्या घरी बाळ झालं की तिच्या हातचं टोपडं जायचं.

मला तिनं शिकवलं मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना. आमच्या घरात दोनच खोल्या, माणसं फार. माझ्या आधी घरात कोणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यामुळं अभ्यासाला जागा लागते हे कोणाच्या डोक्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. मावशीच्या आलं. "अथी मह्या ओट्यावर येऊन बसत जा," ती म्हणाली. "तू वाच, मी इनतो. मी काही बोलनार नाई." आणि मग सबंध वेळ बोलायची. पण पुस्तक उघडं असलं की खरंच गप्प. मी मान वर केली की सुरू. माझ्या पदवीत त्या ओट्याचा केवढा वाटा आहे, हे तिला कधी नीट सांगता आलं नाही. सांगायला लागले की म्हणायची, "पेपर तूनं लेहले का मीनं?"

वाचून डोळे शिणले की ती घागर माझ्याकडे सरकवायची. शिकवण्याची तिची तऱ्हा अशी की आधी बिघडू द्यायचं. मी लोकर खुंट्यांना करकचून गुंडाळली, तिनं पाहिलं, काही बोलली नाही. दुसरा फेर घेतला. आता प्रत्येक खुंटीवर दोन वेढे. खालचा वेढा आकड्यानं उचलून वरच्यावरून पलीकडे टाकायचा, एवढंच हे सगळं विणकाम. पण माझा खालचा वेढा हलेना. आकडा घुसवला, निसटला, बोटात शिरला.

"लागलं?"

"हो."

"आता समजलं लोकरीले काय होते ते? सोड सगळं. अन् आता अशी गुंडाळ, जशी पोरीच्या केसाले रिबीन लावते. पडाव नाई अन् डोकं दुखाव नाई."

पुढच्या वेळी सैल गुंडाळली आणि मध्येच एक खुंटी चुकली. मला कळलंही नाही. मावशीला कळलं, पण ती चांगले बोटभर विणू देऊन म्हणाली, "आता काढून पाह्य." घागरीतून वर ओढलं तर एका जागी वरपासून खालपर्यंत शिडीसारखी फट. "एक सुटला तं त्याच्या खालचे समदे सुटते," ती म्हणाली. "उसव." मी म्हणाले, मावशी, तुम्हाला दिसलं होतं तर तेव्हाच सांगायचं ना! "तेव्हा सांगतलं असतं तं तू मह्या डोयानं पाह्यलं असतं. आता तुह्या डोयानं पाहशीन." तिच्या हाताखाली शिकलेल्या माणसाला उसवण्याचं दुःख वाटेनासं व्हायचं. लोकर ओढायची, गुंडाळायची, पुन्हा गाठ.

त्या पहिल्या गाठीची मात्र तिची एक रीत होती आणि तिच्यात ती कधी चुकली नाही. गाठ आवळताना ती बाळाच्या आईचं नाव घ्यायची. 'संगीच्या लेकराचं.' 'दुर्गीच्या लेकराचं.' मग घेतलेलं नाव बदलायचं नाही. ज्याच्या नावानं घातलं, त्याच्याच डोक्यावर जायचं. तिला हे कोणी शिकवलं होतं असं नाही. ज्या गोष्टीला नाव दिलं ती गोष्ट त्याची झाली, एवढंच ती म्हणायची. बायका ते तिच्याहून जास्त मानायच्या.

आणि दुसरी रीत. आमच्याकडे पोट दिसतंय तोवर बाळाचं काही शिवत नाहीत, विणत नाहीत, पाळणा आणून ठेवत नाहीत. पहिले कपडेही दुसऱ्याच्या घरचे, वापरलेले. मावशी हे पाळायची आणि पाळायची नाहीही. तिचा एक हात फार हळू चालायचा. बाळ झाल्यावर सुरुवात केली तर टोपडं होईतो थंडी निघून जाईल. म्हणून ती आधी विणायची, पण शेवट करायची नाही. रिंगवरचं टोपडं कानाच्या बाजूनं सुरू होतं आणि टाळूला संपतं. शेवटी सगळ्या खुंट्यांवरच्या वेढ्यांतून सुईनं दोरा ओवायचा आणि ओढायचा, की तोंड मिटतं. ते मिटायचं काम ती राखून ठेवायची. बाळ रडल्याचा निरोप आला की मग सुई.

एकदा गावातल्या एका बड्या घरच्या पाटलीणबाई आल्या. सुनेचे दिवस भरत आलेले. त्यांना टोपडं आधीच हवं होतं, तेही दोन रंगात, एक मुलगा झाला तर, एक मुलगी झाली तर.

"असं आधी देत नाई मी," मावशी म्हणाली.

"पण विणून तर राह्यली ना तू! हे काय हाय मंग घागरीत?"

मावशीनं ओळ वर उचलली. दोन्हीकडून उघडी लोकरीची नळी. "याच्यात टोपडं कुठी हाय बाई? याच्यात तं हात घातला तं इकून तिकून निघते. कोपराले घाला, संधिवाताले बरं असते."

पाटलीणबाई रागावून गेल्या. नातू झाला त्या दिवशी मात्र स्वतः आल्या, आणि मावशीनं दोरा ओढेपर्यंत ओट्यावर मुकाट बसून राहिल्या.

मंदाला लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. मावशी दुसऱ्यांची टोपडी करत राहिली. कोणी खोचकपणे म्हणायचं, "मावशे, मंदाचं कधी?" ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "लाइनीत हाय."

ज्या वर्षाचं हे सांगते आहे त्या वर्षी मंदाला पुन्हा दिवस गेले आणि टिकले. बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं मावशीच्या मनात फार होतं. सासरच्यांनी नाही म्हटलं. एका हाताची आई काय बाळंतपण करणार, असं ते तोंडावर बोलले. मावशी फोनवर "हाव, बरोबर हाय" म्हणाली. मग तिनं मला सोबत घेतलं आणि रफीकभाईच्या दुकानात गेली.

रफीकभाईचं सुई-दोरा-बटणांचं दुकान. तुकड्या-तुकड्यांत उरलेली लोकर ते मावशीसाठी पिशवीत साठवून ठेवायचे आणि वर चेष्टा करायचे, "मावशी, हे रंग तं कोनी बैलालेबी नाई घालनार पोळ्याले." त्या दिवशी त्यांनी नेहमीची पिशवी काढली. मावशीनं मान हलवली आणि वरच्या फळीकडे बोट केलं. नवा, न सोडलेला, हळदी रंगाचा गुंडा.

रफीकभाई तिच्याकडे पाहत राहिले. "मंदाचं?"

मावशी नुसती हसली. ते स्टुलावर चढले, तो गुंडा ठेवून त्याच्या मागचा त्याच रंगाचा दुसरा काढला. "हा घ्या. हा नरम हाय. अल्ला खैर करे."

घरी येऊन तिनं घागर पुढ्यात घेतली. गाठ आवळली. "मंदाच्या लेकराचं." त्यानंतर इतकं सावकाश विणलं तिनं ते, की मीच अस्वस्थ व्हायची. एक फेर घालायची, बोटानं चाचपायची, कधी कधी पुन्हा उसवायची. रिंग एकच. तेवढे दिवस गावातल्या दुसऱ्या बाळांना टोपडी मिळाली नाहीत. कोणी विचारलं तर ती घागरीवर हात ठेवायची, आणि बायका समजून परत जायच्या. थंडी भर आली तेव्हा नळी पूर्ण झाली होती. घागरीच्या तोंडावर शेवटचा फेर तसाच चढलेला, मंदाच्या दिवसांची वाट पाहत.

आणि माझी वहिनीही तेव्हा पोटुशी होती; तिचे दिवस भरायच्या कितीतरी आधी तिच्या पोटात दुखायला लागलं.

गावातल्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ झालंसुद्धा. एवढंसं. रडलं, पण मांजराच्या पिलासारखं. सिस्टर म्हणाल्या, बुलढाण्याला न्यावं लागेल, गाडी बोलावली आहे, तोवर ऊब द्या. डोकं झाका, डोक्यातून सगळी ऊब जाते. आईनं शेजारून मागून दोन कापडी टोपडी आणली होती. दोन्ही त्याच्या नाकावरून हनुवटीपर्यंत घसरत होती. बुलढाण्याच्या वाटेवर राजूरचा घाट, पहाटेची थंडी. सिस्टरनी कापूस गुंडाळला, तोही बसेना. "लोकरीचं काही घट्ट बसणारं नाही का?" त्या म्हणाल्या.

मी धावत निघाले. मला माहीत होतं की मावशीकडे तयार टोपडं कधीच नसतं. तरी मला दुसरं घर सुचलं नाही.

ती चुलीपुढं होती. मी जे झालं ते सांगितलं. जुनं, फाटकं, कसलंही टोपडं असेल तर द्या म्हणाले. घागरीकडे मी पाहिलं नाही. खरंच पाहिलं नाही.

मावशीनं पाहिलं. भिंतीशी ती घागर होती, तिच्यावर स्वच्छ फडकं. ती उठून तिथं गेली आणि फडक्यावर हात ठेवून उभी राहिली.

"रडलं का थे?"

"रडलं, मावशी. पण बारीक."

"मंदाचं हाय हे," ती म्हणाली. मला नाही, स्वतःलाच. "नाव घेतलं हाय मी."

मी म्हणाले, "राहू द्या, मावशी. मी दुसरीकडे बघते." आणि मी वळलेसुद्धा.

"थांब." तिनं सुई दातात धरली होती. "दोरा ओव. मले एका हातानं येळ लागते."

मी ओवला. ती घागर गुडघ्यात धरून बसली आणि एकेका खुंटीवरचा वेढा सुईवर घेऊ लागली. शेवटचा वेढा निघाला. तिनं दोरा ओढला आणि तो हळदी रंगाचा गोल आकसत आकसत मिटला. तिनं ते टोपडं घागरीतून वर काढलं, एकदा गालाला लावलं, आणि माझ्या हातात कोंबलं.

"पय," ती म्हणाली.

बाळाच्या डोक्यावर ते बसलं. थोडं मोठंच होतं, पण लोकर जिथल्या तिथं धरून राहिली. गाडी घाट चढून गेली. बाळ पुष्कळ दिवस काचेच्या पेटीत होतं, मग घरी आलं. तो आमचा ओम. आता अंगणात पळतो.

मावशीनं त्याच संध्याकाळी दुसरी गाठ घातली होती. रफीकभाईकडे हळदी रंग संपला होता, म्हणून पांढरी लोकर. पुन्हा तेच नाव घेतलं. ते अर्धं झालं होतं तेव्हा लोणारहून फोन आला. दिवस पूर्ण भरलेले होते. बाळ रडलं नाही.

टोपड्यानं ओम वाचला असं मी म्हणणार नाही. तो सिस्टरमुळं वाचला, डॉक्टरांमुळं वाचला, वहिनीनं त्याला दिवसरात्र छातीशी बांधून ठेवलं म्हणून वाचला. पण टोपडं ओमच्या कामी आलं ही गोष्ट गावानं जितकी सहज सोडून दिली, तितकीच दुसरी घट्ट धरली. मंदाच्या लेकराचं टोपडं दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं. मंदाचं लेकरू गेलं. पाणवठ्यावर, दळणाच्या रांगेत, बसस्टँडवर हेच. ते एस. टी.नं लोणारला पोचायला वेळ लागला नाही.

मंदाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर होते. मावशी कमी ऐकायची म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. मंदाचा आवाज चढलेला नव्हता.

"आई, खरं हाय का थे?"

"काय वो?"

"माह्या लेकराचं टोपडं तूनं देऊन टाकलं?"

मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. "हाव," ती म्हणाली.

"एकच गोष्ट मांगतली होती मीनं तुले. येऊ देलं नाई यायनं, तं म्हटलं टोपडं तं आईच्या हातचं राहीन." मग, "आता मले फोन करत जाऊ नोको."

मी मावशीला म्हणाले, मी लोणारला जाते, मंदाताईला समजावून सांगते. असं काही नसतं, डॉक्टरांनी काय कारण सांगितलं ते विचारते. मी शिकलेली होते, मला वाटत होतं समजावल्यानं होतं.

"कायले?" मावशी म्हणाली.

"अहो, पण तुमचा काय दोष यात?"

"दोष नाई. पन तिनं राग काढाव कोनावर?" तिनं पदरानं घागरीवरची धूळ पुसली. "डॉक्टरवर काढला तं थो ऐकाले थांबनार नाई. नवऱ्यावर काढला तं घर मोडते. देवावर काढाचं म्हनशीन तं भ्या वाटते बाईच्या जातीले. माय कायले असते मंग? काढू दे."

त्यानंतर कोणी तिच्याकडं टोपडं मागायला आलं नाही. ज्या बाया निरोप आला की पळत यायच्या, त्या आता तिच्या दारावरून जाताना पोटावर पदर घ्यायच्या. आईनं ते हळदी टोपडं धुऊन, घडी करून परत न्यायचं ठरवलं. मावशी म्हणाली, "घातलेलं माघारी घेत नसते वो." ओमला ती घ्यायचीही नाही. तो रांगत तिच्या उंबऱ्यापर्यंत गेला की आतून नुसती बघायची. एकदा मी म्हटलं, घ्या ना त्याला. ती म्हणाली, "घेतला तं कोनी तरी लोनारले सांगन. मंदाच्या जिवाले लागन."

शेवटी वहिनी गेली. माझी वहिनी फार बोलणारी नाही. भर दुपारी, गल्ली जागी असताना, ओमला कडेवर घेऊन ती मावशीच्या ओट्यावर जाऊन बसली आणि म्हणाली, "मले शिकवा."

"कायले शिकतं वो तू? दुनिया काय म्हनन?"

"म्हनू द्या."

मावशीनं घागरीकडे पाहिलं. मग म्हणाली, "रिंग खाली नाई." घागरीवर ते अर्धं पांढरं टोपडं अजून तसंच चढलेलं होतं. इतके महिने तिनं त्याला हात लावला नव्हता.

"मी काढू?" वहिनीनं विचारलं.

मावशीनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही, वहिनीला कळलं. तिनं वेढे खुंट्यांवरून उतरवले, दोरा धरला आणि ओढायला लागली. फेरामागून फेर सुटत गेला, घागरीतून वर येत गेला. मावशी उजव्या हातानं गुडघ्याभोवती लोकर गुंडाळत होती. ओम लोकरीचं टोक पकडायला बघत होता, आणि पहिल्यांदाच मावशीनं त्याला मांडीवर ओढून घेतलं, कारण त्याला आवरायला दुसरा हात तिच्याजवळ नव्हता.

सगळं सुटलं. वहिनी पहिली गाठ घालायला बसली. "नाव कोनाचं घेऊ, मावशी?"

"नाव नोको घेऊ आता," मावशी म्हणाली. "शिकाचं हाय फक्त. अन् ओढू नोको."

मावशी मागच्या पावसाळ्यात गेली. पुन्हा झटका आला, या वेळी तिला जास्त त्रास झाला नाही म्हणतात. मी नोकरीच्या गावी होते, पुरात रस्ते बंद होते, मला पोचता आलं नाही. त्यामुळं माझ्याजवळ तिचं शेवटचं दर्शन आहे ते त्याआधीच्या आखाजीचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. मी दोन दिवस आले होते आणि सकाळच्या बसनं परत निघाले होते. पिशवी खांद्याला लावून मावशीच्या दारावरून चालले, तर अंगणात मंदाताई बसलेली. कधी आली, कशी आली, कोणी आणलं, काही माहीत नाही. गल्लीतही कोणाला खबर नव्हती. तिची पिशवी तशीच न सोडलेली दाराशी होती. ती पाटावर बसली होती, पाठ मावशीकडे, नजर समोर भिंतीवर. नुकतेच धुतलेले केस मोकळे होते. मावशी मागं उंच पायरीवर. तिनं उजव्या हातानं मंदाच्या डोक्यात तेल जिरवलं, फणी फिरवली, केसांचे तीन पेड केले. एक पेड उचलून दुसऱ्यावरून आणला आणि थांबली. वेणी एका हातानं होत नाही. उचललेला पेड धरून ठेवायला दुसरा हात लागतो.

मी हाक मारणार होते. मारली नाही.

मंदानं मागं वळूनही पाहिलं नाही. फक्त तिचा हात वर आला, मानेमागं गेला, आणि तो सुटा पेड तिनं आईसाठी धरून ठेवला.

मावशीनं पुढचा उचलला.